बाजूची धडक: वेग काढायचा कसा, जखमांशी जुळवायचा कसा

समोरच्या धडकेत बंपर, बॉनेट आणि इंजिनाकडची जागा चेमटते, तेवढा मार तिथेच जिरतो. बाजूच्या धडकेत मध्ये असतं ते दार आणि वीतभर पोकळी. म्हणून ‘गाडीचा वेग किती बदलला’ एवढंच काढून थांबलात तर जखमांचं गणित चुकतं. दार किती वेगाने आत आलं, ते बघा.

सुरुवात रस्त्यापासून. टायरची काळी रेघ जिथे एकदम वाकते किंवा डांबर खरवडलेलं दिसतं, ती धडकेची जागा. काचांच्या ढिगावर विसंबू नका. काच उडून पुढे पडते. तिथून गाड्या थांबल्या तिथपर्यंतचं अंतर मोजा. कोरड्या डांबरावर घर्षणांक 0.7 धरला तर घसरणीच्या सुरुवातीचा वेग (किमी/तास) म्हणजे 254 × 0.7 × मीटरमधलं अंतर, याचं वर्गमूळ.

समजा 1500 किलोची गाडी चौकात उभ्या असलेल्या 1000 किलोच्या गाडीच्या दारावर काटकोनात आदळली आणि दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून, चाकं जाम होऊन 5 मीटर घसरल्या. सूत्राने वेग येतो सुमारे 30. संवेग (वजन × वेग) धडकेआधी आणि नंतर सारखा राहतो, म्हणून आदळणारीचा वेग 30 × 2500 ÷ 1500 = 50. मार खाणाऱ्या गाडीचा वेग 30 नेच बदलला, पण गाडी पुरती सरकायच्या आत दार जवळपास 50 च्या वेगाने बरगड्यांना भिडू शकतं. आदळणारीची चाकं फिरत असतील तर मात्र 0.7 धरू नका, वेग फुगून येईल.

मग पत्रा. दबलेल्या लांबीवर सारख्या अंतराने सहा ठिकाणी खोली मोजा. खोली जिथून मोजायची ती शून्यरेषा त्याच मॉडेलच्या धड गाडीवरून घ्या. सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या पट्टीच्या) आणि दाराच्या मध्याच्या उंचीवरची मापं वेगळी लिहा. सिल शाबूत आणि दार खोल आत, तर आदळणारं वाहन बहुधा उंच. छातीच्या जखमा बारकाईने तपासा. सुटकेसाठी कटरने कापलेली कड आणि गाडी उचलताना पडलेले क्रेनच्या साखळीचे वळ मापात धरायचे नाहीत. इथे घोळ होतो.

आतून आर्मरेस्ट कुठे मोडलाय ते पाहा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दारावरच्या धडकेत त्याच्या यकृताला धोका. डावीकडच्या प्रवाशाला डाव्या धडकेत प्लीहेला (पांथरीला). दोन्हींचा रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. पलीकडच्या बाजूला बसलेल्याचा खांदा पट्ट्यातून निसटतो आणि डोकं शेजाऱ्यावर आदळतं, म्हणून ‘पट्टा लावला होता’ आणि ‘डोक्याला मार’ ही विसंगती नव्हे.