घरातला प्रार्थना-गट कसा चालवायचा (आणि कशाने बंद पडतो)

"पास्टर, आमच्या बिल्डिंगमधे आपल्या चारपाच फॅमिल्या आहेत, गट सुरू करू का?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, घरात बसायला माणसं किती मावतात. लोकांना वाटतं पाळकसाहेब मस्करी करतायत. पण हॉलमधे खुर्च्या-चटया धरून जेवढे मावतील तेवढाच गट, हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर पुढे सगळंच अवघड होतं, ते खाली सांगतोच.

मी पिंपरी-चिंचवडमधे भोसरीच्या बाजूला पाळक आहे. आमची अर्धीअधिक मंडळी नगर, श्रीरामपूर, जालन्याकडून एमआयडीसीत कामाला आलेली. गावात कसं, कोणाची म्हैस व्याली इथपासून मंडळीला माहीत असतं. इथे मात्र दोन दोन वर्षं एकाच बाकावर बसतात आणि शेजारच्याचं नाव माहीत नाही, उपासना झाली की पार्किंगमधे सलाम सलाम, बाइकला किक, संपलं. त्यात इथल्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणजे रविवारी फर्स्ट शिफ्टला गेलेला माणूस चर्चला येणार कधी? म्हणून आमचे बहुतेक गट गुरुवारी भरतात. तुमच्याकडे वार कोणता ते तिथल्या लोकांच्या शिफ्टवरून ठरवा, पाळकाच्या डायरीवरून नको.

आता आधी माझी फजिती. पहिला गट मी स्वतः बुडवला. दर आठवड्याला मी जायचो, पन्नास मिनिटं संदेश द्यायचो, शेवटी प्रार्थना पण मीच. म्हणजे रविवारची उपासनाच, फक्त बाकांच्या जागी सोफा. बायबलात, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात, त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा पोरगा झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, आठवतंय ना? आमचा गट तळमजल्यावर होता म्हणून कोणी पडलं नाही, लोक फक्त यायचे बंद झाले. चार महिन्यांत मी, पाळकीणबाई आणि घरमालक एवढेच उरलो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, गटात पाळक आला तरी कोपऱ्यात बसेल आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही. गट चालवायला गटातलाच एक माणूस. त्याला फार शास्त्र यायची गरज नाही, तो लोकांचं ऐकून घेणारा पाहिजे. पौलाच्या काळी रोममधे अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोच्या घरात मंडळी जमायची, ती दोघं तंबू करणारी कामकरी माणसं होती, हे मी आमच्या वेल्डर-फिटर लोकांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांना सारखं वाटतं की आपल्याला काय येतंय.

माणसं किती? आठ ते दहा बरे, बारा म्हणजे डोक्यावरून पाणी. बायबलातला इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच सगळ्यांचे न्याय करत बसायचा तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सांगितलं की अरे तू पण थकशील आणि लोक पण थकतील, हजारावर, शंभरावर, पन्नासावर आणि दहावर माणसं नेम. सासऱ्याचं ऐकलं म्हणून मोशे वाचला. आणि मेथडिस्ट पंथाच्या लोकांचे क्लास, म्हणजे असेच छोटे गट, कसे सुरू झाले माहितीये का, 1742 साली इंग्लंडात ब्रिस्टलला, प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं म्हणून! माणशी आठवड्याला एक पेनी, आणि बारा जणांमागे एक जण गोळा करणारा. तो घरोघर फिरायला लागला तेव्हा कुठल्या घरात दारू आहे, कुठे भांडण आहे, कोण आजारी आहे हे दिसायला लागलं, मग त्यांचा पुढारी जॉन वेस्लीच्या लक्षात आलं की पैशापेक्षा हे फिरणंच जास्त कामाचं आहे. म्हणून आमच्याकडे गटप्रमुखाचं मुख्य काम गुरुवारचं नाहीच, मधल्या सहा दिवसांत जो आला नाही त्याच्या घरी चक्कर मारणं हे आहे. मेसेज करून चालत नाही. दारात जायचं, आणि "का आला नाहीत" विचारायचं नाही, "कसे आहात" विचारायचं.

प्रत्यक्ष तासाभरात काय करायचं ते सांगतो. वेळ साडेसात म्हणजे साडेसात, पावणेनऊला उठायचं, कारण थर्ड शिफ्टवाल्याला बस पकडायची असते आणि मुलांची शाळा असते. एक-दोन गीतं. पेटी असली तर छान, नसली तर टाळ्यांवर. जुनी मराठी भजनं घ्या, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ती अभंगाच्या वळणाने लिहून ठेवलीत म्हणून आमच्या आज्ज्या पुस्तक न उघडता म्हणतात, तरुण पोरांना हिंदी-इंग्लिश आराधना पाहिजे असते तर एक त्यांचं घ्या, वाद घालू नका. स्पीकर-माइक बिलकुल नको, फ्लॅटच्या भिंती पातळ असतात. शेजाऱ्यांना आधीच जाऊन सांगायचं की गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना असते, पंधरावीस चपला दिसतील दारात. गणपतीच्या दहा दिवसांत सोसायटीची आरती आणि आपली वेळ एकच येते, तेव्हा आपण साडेआठला बसायचं. सोपं आहे, पण हे न केल्यामुळे एका ठिकाणी उगाच कटुता आली होती.

मग वचन, म्हणजे बायबल वाचायचं. दहापंधरा वचनांचा एकच भाग, दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या आवाजांत. आणि इथे एक गोष्ट अगदी कान धरून सांगतो, आळीपाळीने एकेक वचन वाचायला लावू नका. आम्ही लावायचो. एक मावशी होत्या, त्यांची पाळी जवळ आली की बाथरूमला जायच्या, नाहीतर पाणी आणायला स्वयंपाकघरात. आम्ही सहा आठवडे हसलो त्यावर. मग माझ्या बायकोच्या लक्षात आलं की मावशींना वाचता येत नाही. आता वाचायचं त्याला आधी विचारून ठेवतो, आणि मावशींना आम्ही गोष्ट परत सांगायला लावतो, "मावशी, काय झालं हो त्या विहिरीवर?" आणि त्या येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट अशी सांगतात की माझा रविवारचा संदेश फिका पडतो.

वाचून झालं की प्रश्न तीनच. यात देवाबद्दल काय कळलं, यात मी कुठे बसतो, आणि येत्या आठवड्यात एक काय करणार. तिसरा महत्त्वाचा, आणि उत्तर बारीक पाहिजे. "मी प्रेमाने वागेन" हे उत्तर नाही. "सुपरवायझरशी आठ दिवस बोललो नाही, सोमवारी बोलेन" हे उत्तर. पुढच्या गुरुवारी विचारायचं, बोललास का? नसेल बोलला तर चिडायचं नाही. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते ना, तिला घाबरून लगेच स्वतः उत्तर देऊ नका, मनात वीस आकडे मोजा. माझी जीभ अजून सातआठला वळवळायला लागते, पण वीसच्या आत कोणीतरी बोलतंच.

शेवटी प्रार्थना-विनंत्या. एक साधी वही ठेवा, तारीख, नाव, विनंती, आणि समोर जागा सोडा, उत्तर मिळालं की तिथे लिहायला. आमच्या वहीत "नोकरी" समोर चौदा महिन्यांनी टिक आहे. काही ओळींसमोर टिक नाहीच, ते माणूस गेलं, तिथे फक्त तारीख आहे. त्या ओळी खोडू नका.

आणि वही वहीतच राहू द्या. हे मी दुखावून शिकलोय. एका घराने मुलाच्या दारूबद्दल रडत रडत विनंती सांगितली, गटातल्या कोणीतरी अगदी चांगल्या मनाने ती महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, "प्लीज प्रे". रविवारपर्यंत अख्खी मंडळी त्या पोराकडे वळून बघत होती. ते कुटुंब आता दुसऱ्या चर्चला जातं. मी दोनदा क्षमा मागायला गेलो, चहा दिला त्यांनी, पण परत आले नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मी पण आलो नसतो. आता दर गटाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो की इथलं इथेच राहील.

पण याला एक अपवाद, आणि तो पण पहिल्या दिवशीच सांगायचा. घरात मारहाण होतेय, लेकराला कोणी त्रास देतंय, कोणी जिवाचं बरंवाईट करायचं बोलतोय, तर हे गुपित ठेवायचं नाही, त्याच दिवशी पाळकाला फोन आणि गरज पडली तर डॉक्टर, पोलीस. "प्रार्थना करू, होईल सगळं नीट, तू सहन कर" असं एखाद्या बाईला सांगणं म्हणजे तिला परत त्याच घरात ढकलणं. तसंच आजाऱ्यासाठी हात ठेवून जरूर प्रार्थना करा पण बीपीची, शुगरची गोळी बंद कर असं सांगणारा कोणी गटात निघाला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो वयाने केवढाही मोठा असो.

आता खाणं, कारण जास्तीत जास्त गट इथे बुडतात, सिद्धांतावरून एकही बुडालेला मी पाहिला नाही. पहिल्या घरी चहा-बिस्कीट, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी इडली-सांबार, चौथ्या घरी बिर्याणी. पाचव्या घरचा फोन आला, "पास्टर, आमच्याकडे पाहुणे येणारेत, या वेळी नको." पाहुणे वगैरे काही नव्हते, नवऱ्याचा कॉन्ट्रॅक्ट संपला होता. तेव्हापासून चहा आणि पारले, बस. नाताळात एकदा सगळ्यांनी डबे आणून एकत्र जेवायचं.

पैशाचं पण तसंच, गटात उसनवारी नको, भिशी तर नकोच नको. कोणाच्या घरी खरंच चूल पेटत नसेल तर चर्चच्या खजिनदारामार्फत किराणा पोचवा, कोणी दिला हे कळू न देता.

गट बारावर गेला की दोन करा, वाट बघत बसू नका. लोक नाराज होतात, "आमचा गट फोडला" म्हणतात. मी सांगतो फोडला नाही, पोरं मोठी झाली, वेगळी चूल मांडली. नव्या गटात कमीत कमी तीन जुनी माणसं द्या, नाहीतर तो नुसता अनोळखी लोकांचा घोळका होतो. आणि सासू-सुना एका गटात हव्यात का नको ते त्यांना वेगवेगळं विचारा!

कधी कधी दोघंच येतात. तरी बसायचं, रद्द करायचं नाही. मागच्या पावसाळ्यात एका गुरुवारी धो धो पाऊस, गटप्रमुख पण अडकलेला, घरमालक काका आणि मी दोघंच. गीत काही जमलं नाही, दोघंही बेसूर. एक स्तोत्र वाचलं आणि मी मनात मोजायला लागलो. अकरा-बारावर काका मुलाबद्दल बोलायला लागले, तो दुबईला आहे, तीन वर्षं फोन नाही. पावणेनऊचे साडेनऊ झाले. चहा दोनदा झाला. निघताना त्यांनी विचारलं, पास्टर, हे वहीत लिहू का, आणि लिहिलं, फक्त नाव आणि तारीख.