रिसर्च पेपर फुकट मिळतो, पण त्यातलं टेबल नीट वाचा

बातमीत "एका संशोधनानुसार" असं आलं की सरळ मूळ पेपर उघडायचा, त्याला विद्यापीठाची लायब्ररी लागत नाही. नाव गूगल स्कॉलरमध्ये टाका, उजवीकडे पीडीएफची लिंक दिसली तर झालं. नाहीतर ब्राउझरला अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन लावा, कुठे कायदेशीर फुकट कॉपी असेल तर ते शोधून देतं. मेडिकलचं पबमेड सेंट्रलवर, फिजिक्स-गणिताचं आर्काइव्ह (arXiv) या साइटवर.

प्रीप्रिंट आहे का ते बघा. म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच टाकलेला पेपर. जुलै 2023 मध्ये एलके-99 हा पदार्थ खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर आहे, म्हणजे वीज विनाअडथळा वाहून नेतो, असा दावा असाच आला होता, बाकीच्या लॅबनी करून बघितलं आणि काही आठवड्यांत तो बारगळला.

आता टेबल. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला होता, आणि वाईट सल्लेही इथेच मिळतात. "पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली आहे ना, मग सिद्ध झालं" हे तर अजिबात ऐकू नका. (पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा मोठा फरक दिसण्याची शक्यता.)

ब्रिटनमधली रिकव्हरी ट्रायल घ्या, 2020 ची, पेपर फुकट वाचता येतो. हॉस्पिटलमधल्या कोविड पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं, 2,104 जणांना औषध आणि 4,321 जणांना नेहमीचे उपचार. 28 दिवसांत मृत्यू 22.9 टक्के विरुद्ध 25.7 टक्के, पी व्हॅल्यू एकदम छोटी. इथे थांबलात तर वाटेल औषध सगळ्यांनाच चांगलं. पण खालच्या ओळी वाचा, व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये 29.3 विरुद्ध 41.4, नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत 23.3 विरुद्ध 26.2, आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात 17.8 विरुद्ध 14.0, म्हणजे औषधवालेच जास्त गेले!

घाईने "औषधाने मारलं" असंही म्हणू नका. या शेवटच्या ओळीच्या बाजूला रेशो (औषधवाल्यांचा मृत्यूदर दुसऱ्या गटाच्या किती पट) 1.19 आणि कंसात 0.92 ते 1.55 आहे, म्हणजे खरा रेशो बहुधा या रेंजमध्ये असेल. रेशो 1 म्हणजे दोन्ही गट सारखे, आणि कंसातली रेंज 1 च्या दोन्ही बाजूंना पसरली असेल तर नक्की काही सांगता येत नाही. व्हेंटिलेटरवाल्यांची रेंज 0.51 ते 0.81 आहे, पूर्ण 1 च्या खाली, तिथला फायदा पक्का. म्हणून प्रत्येक ओळीला विचारायचं, हा फायदा कुणाला झाला? "मृत्यू एक तृतीयांशाने कमी" ही बातमी फक्त व्हेंटिलेटरवाल्यांची होती. आपल्याकडे 2021 च्या लाटेत ऑक्सिजन नॉर्मल असलेल्यांनीही स्टिरॉइड घेतली, आणि म्युकरमायकोसिस वाढला त्यामागे कंट्रोलमध्ये नसलेल्या शुगरसोबत हेही कारण धरलं जातं. एवढ्यासाठीच मी या ओळींचा हट्ट धरते.

टक्के दिसले की शंभर माणसांत मोजा, 41 चे 29 झाले म्हणजे शंभरात साधारण 12 जीव. "एक तृतीयांशाने कमी" ऐकून हे डोळ्यासमोर येत नाही.

संशोधनाला पैसे कुणी दिले ते बहुतेकदा शेवटी लिहिलेलं असतं, वाचा.

आणि फॉरवर्ड आलेल्या पीडीएफवर विसंबू नका, जर्नलच्या पानावर जाऊन पेपर मागे घेतलाय का ते बघा. कोविडसाठी दिल्या गेलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या मलेरियाच्या औषधावरचा, लॅन्सेट या जर्नलमधला पेपर 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला, पण आधी डाउनलोड केलेल्या पीडीएफवर तसा शिक्का आपोआप उमटत नाही.