रेगेचा रीइश्यू विकत घेताना काय तपासावे

मँचेस्टरमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ‘ब्लड अँड फायर’ या जुने रेगे पुन्हा काढणाऱ्या छोट्या लेबलने या जमैकन संगीताच्या श्रोत्यांना एक चांगली सवय लावली. स्टीव्ह बॅरो यांच्या देखरेखीखाली निघणाऱ्या सीड्यांबरोबर भरगच्च पुस्तिका असे आणि ध्वनिमुद्रण कोणत्या स्टुडिओत झाले, ड्रम्सवर कोण होते, मिक्स (वेगवेगळ्या ध्वनींची अंतिम जुळणी) कोणी केले, हे तिच्यात नीट नोंदवलेले असे. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे लेबल थंडावले. त्याच्या बरोबरीची इतरही लेबले एकेक करून मिटली किंवा अधूनमधून एखादी रेकॉर्ड काढण्यापुरती उरली, आणि आज बाजारात येणाऱ्या पुष्कळ रीइश्यूंवर (जुन्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्त्यांवर) यातली कोणतीच माहिती सापडत नाही. ती शोधण्याचे काम आता विकत घेणाऱ्यावर आले आहे.

सर्वप्रथम कव्हरची मागची बाजू वाचावी. वर्तुळातल्या ‘पी’ या खुणेपुढे साल आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराचे नाव असते. चोख रीइश्यूवर त्याच्या आसपास अमुक निर्मात्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून परवाना घेतल्याची स्पष्ट ओळ छापलेली असते. जमैकाच्या बाबतीत या ओळीला फार महत्त्व आहे, कारण साठ-सत्तरच्या दशकांत किंग्स्टनमधला गायक बहुधा गाण्यामागे ठरावीक रक्कम घेऊन घरी जाई, लेखी करार क्वचितच होई आणि एकच टेप लंडनमधल्या दोन-तीन लेबलांना विकल्याचीही उदाहरणे आहेत. पुढे ती लेबलेही या हातातून त्या हातात गेली. ली गोपथल या भारतीय वंशाच्या जमैकन व्यावसायिकाने ख्रिस ब्लॅकवेल यांच्यासह १९६८ मध्ये उभी केलेली ट्रोजन रेकॉर्ड्स १९७५ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि तिचा कॅटलॉग मालक बदलत बदलत २००१ मध्ये सँक्च्युअरी या कंपनीकडे, २००७ मध्ये सँक्च्युअरीसकट युनिव्हर्सलकडे आणि २०१३ मध्ये बीएमजीकडे गेला. अशा गाण्याचा परवाना मिळवायला दोन माणसांच्या लेबलला महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करावा लागतो. परवान्याची ओळ छापणाऱ्याने तो केला आहे, असे मानायला हरकत नाही. ओळ नसेल तर लेबलला लेखी विचारावे आणि उत्तर गोलमाल आले तर ती रेकॉर्ड सोडून द्यावी.

याला एक अपवाद आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाच्या संरक्षणाची मुदत २०१३ मध्ये ५० वर्षांवरून ७० वर्षे झाली, परंतु तोवर ज्यांची मुदत उलटून गेली होती ती, म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे पुन्हा संरक्षणाखाली आली नाहीत. त्यामुळे मेंटो आणि अगदी सुरुवातीचा स्का या रेगेआधीच्या जमैकन शैलींची संकलने तिथे कोणीही, कोणालाही एक पैसा न देता काढू शकतो. ते कायदेशीर आहे. तरीही त्याच संगीताचे हक्कदारांशी करार करून काढलेले संकलन मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे, असे माझे मत आहे.

दुसरी तपासणी कानाची आहे. किंग्स्टनमध्ये टेप महाग होती, तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण केले जाई आणि उरलेल्यांपैकी कित्येक दमट हवेत खराब झाल्या, म्हणून अनेक रीइश्यू जुन्या सिंगलवर सुई ठेवूनच तयार करावे लागतात. त्यात गैर काही नाही, फक्त ते कव्हरवर सांगितलेले असावे. नमुना ऐकताना हेडफोन लावून गाणे सुरू होण्याआधीचा क्षण आणि शेवटी विरत जाणारा आवाज लक्षपूर्वक ऐकावा. रेकॉर्डवरून उतरवलेल्या गाण्यात तिथे बारीक खरखर ऐकू येते. खरखर मुळीच नाही, पण हाय-हॅटचा (ड्रम्सवरच्या जोड झांजेचा) आवाज पाण्याखालून आल्यासारखा ओलसर आणि घरंगळता लागतो आहे, असे असेल तर सॉफ्टवेअरने सफाई करताना झांजेचा टोकदारपणाही खरवडून काढला गेला आहे, असे समजावे. वन ड्रॉप या रेगेच्या खास ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सुटते आणि जोर तिसरीवर पडतो. त्या मोकळ्या जागेत हाय-हॅट जवळजवळ एकटीच असल्यामुळे हा दोष रेगेत चटकन उघडा पडतो.

मग प्रत्येक बाजूची लांबी पाहावी. बास जितका दमदार, तितकी रेकॉर्डवरची खाच रुंद लागते. म्हणून ३३ आरपीएमच्या एलपीवर एका बाजूला २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त संगीत कोंबले की लॅकर (ज्यावरून रेकॉर्ड छापतात ती मूळ चकती) कापणाऱ्या इंजिनियरला एकतर आवाजाची पातळी उतरवावी लागते किंवा बास छाटावा लागतो, आणि बास छाटलेली रेगेची रेकॉर्ड घेण्यात काही अर्थ नाही. जुन्या सीडीवरचे ७० मिनिटांचे संकलन एकाच एलपीवर आणल्याची जाहिरात असेल, तर कोणती गाणी गाळली आहेत ते आधी तपासावे.

मिक्सची चौकशीही करावी. निर्माते ली पेरी यांनी आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत तयार केलेला ‘हार्ट ऑफ द काँगोज’ हा अल्बम १९७७ मध्ये निघाला. त्याची दोन वेगळी मिक्स अस्तित्वात आहेत, आणि १९९६ मध्ये ब्लड अँड फायरने तो पुन्हा काढल्यावरच तो खऱ्या अर्थाने सर्वदूर पोहोचला. आपण घेत असलेल्या आवृत्तीत कोणते मिक्स आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डबच्या, म्हणजे गायन बरेचसे काढून ताल आणि बास पुढे आणणाऱ्या मिक्सच्या, रेकॉर्डवर तर इंजिनियरचे नाव असलेच पाहिजे. किंग टबी या डब इंजिनियरचे नाव खपते म्हणून ते सर्रास छापले जाते, पण त्यांच्या स्टुडिओतली पुष्कळ मिक्स प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट यांच्या हातची आहेत.

खरेदी शक्य तोवर थेट लेबलकडून, त्याच्या संकेतस्थळावरून किंवा बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावरून करावी. यामागे निव्वळ सदिच्छा नाही. सीडीची विक्री घटत असतानाच डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमधला पिनॅकल हा मोठा वितरक बुडाला. ऑगस्ट २०११ च्या दंगलीत लंडनच्या एन्फील्ड भागातले सोनीचे गोदाम जळाले आणि त्यात पायस या वितरकाने ठेवलेला असंख्य स्वतंत्र लेबलांचा माल गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्स हा लॅकर बनवणारा कारखाना आगीत नष्ट झाला, तेव्हा जगाची सगळी भिस्त जपानमधल्या एका छोट्या उत्पादकावर आली. मोठी कंपनी असे धक्के पचवते, पण काहीशे प्रती छापून त्यांतून पुढच्या रेकॉर्डचे भांडवल उभे करणाऱ्या लेबलला मध्यस्थाकडे अडकलेली एक थकबाकीही पुरते संपवू शकते. शिवाय ज्यांच्याशी बोलून परवाने आणि माहिती मिळवायची ती माणसेही राहिली नाहीत: किंग्स्टनमधल्या स्टुडिओ वनचे कॉक्सन डॉड २००४ मध्ये गेले, निर्माते बनी ली २०२० मध्ये आणि ली पेरी २०२१ मध्ये. म्हणून हवी असलेली रेकॉर्ड पुढे पुन्हा छापली जाईल, या भरवशावर थांबू नये. भारतात मागवताना सीमाशुल्क टपालखर्च धरून लागते, तेव्हा दोघा-चौघांनी मिळून एकच पार्सल मागवले तर टपालाचा भार वाटला जातो आणि शुल्कही थोडे आटोक्यात राहते.

बंद पडलेल्या लेबलांच्या किंवा आता छापल्या न जाणाऱ्या रेकॉर्डच्या बाबतीत सेकंडहँड सीडी हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, जरी संग्राहक तिला नाक मुरडत असले तरी. ब्लड अँड फायर, हार्टबीट, प्रेशर साउंड्स यांच्या नव्वदच्या दशकातल्या सीड्या आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वॅकीज या लेबलचे बर्लिनच्या बेसिक चॅनेल या लेबलने काढलेले रीइश्यू यांपासून शोध सुरू करावा. विकणाऱ्याकडून चकतीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागवावीत आणि पुस्तिका सोबत आहे ना, तिची पाने चिकटलेली नाहीत ना, हे स्पष्ट विचारावे. पुस्तिका नसेल तर किंमत निम्म्यावर आणायला संकोच करू नये. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी या पुस्तिका पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. गुळगुळीत कागदाची पाने दमटपणाने एकमेकांना चिकटली की सोडवताना शाई निघून येते, म्हणून सीडी हाती येताच प्रत्येक पान स्कॅन करून ठेवावे आणि फाइलच्या नावात लेबलचा कॅटलॉग क्रमांक घालावा.