बिलातला कर कोणता, शुल्क कोणतं आणि फी कोणती, हे कसं ओळखावं

घरातली कागदं एकदा समोर मांडा: लाइटचं बिल, नगर निगमची पावती, पगाराची स्लिप, एखादं हॉटेलचं बिल. इंदूरात यातलं बरंचसं हिंदीत येतं आणि आपण फक्त खालचा आकडा बघून पैसे भरतो. या वेळी वरच्या ओळीही वाचा.

१. आधी विचारा, या पैशाच्या बदल्यात मला नेमकं काय मिळालं? ३६ पानी साध्या पासपोर्टचे १५०० रुपये किंवा माहिती अधिकाराच्या अर्जाचे १० रुपये भरले, की तुमचंच काम होतं. ही फी. संपत्तिकराचं, म्हणजे घरपट्टीचं, तसं नाही. तो भरला म्हणून माझ्याच दारासमोरचा रस्ता आधी करा, असं म्हणता येत नाही. तो पैसा सगळ्या शहराचा. मात्र कायद्याचा आधार नसेल तर कुणालाही कर लावता किंवा वसूल करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २६५ मध्येच आहे.

२. नावावर जाऊ नका. लाइटच्या बिलातलं ‘विद्युत शुल्क’ हा खरं तर करच. वीज कंपनी तो फक्त गोळा करते, जातो राज्याच्या तिजोरीत. त्याच्या दरावरून झोनच्या ऑफिसात भांडून उपयोग नाही. उलट निगमचं कचऱ्याचं शुल्क दारात येणाऱ्या गाडीसाठी असतं; गाडी येत नसेल तर जाब जरूर विचारा. घराच्या रजिस्ट्रीत दोन्ही शेजारीशेजारी दिसतात: मुद्रांक शुल्क म्हणजे कर, पंजीयन फी म्हणजे नोंदणीच्या कामाचे पैसे.

३. पगाराच्या स्लिपवर वृत्तिकर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, शोधा. वर्षाला ४ लाखांवर पगार असेल तर मध्यप्रदेशात अकरा महिने २०८ रुपये कापतात आणि बाराव्या महिन्यात २१२. हे चार रुपये अकाउंटवाल्यांनी खाल्लेले नाहीत. बेरीज बरोबर २५०० होते, आणि अनुच्छेद २७६ प्रमाणे वृत्तिकर वर्षाला त्याहून जास्त घेताच येत नाही.

आयकर भरत असाल तर त्यावरचा ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकरही दिसेल. उपकर ठरावीक कामासाठी असतो आणि केंद्र त्यातला वाटा राज्यांना देत नाही. राज्यांची कुरकुर असते ती यावरूनच, आणि मला ती रास्त वाटते. पेट्रोलच्या पावतीवर मात्र यातलं काहीच दिसत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही भावातच मुरलेले असतात.

४. हॉटेलचं बिल सगळ्यात बारकाईनं वाचा. जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरी नंबर छापलेला हवा. इथल्या दुकानाचा असेल तर तो २३ ने सुरू होतो. शंका आली तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाका, लॉगिन लागत नाही. तिथे ‘कंपोझिशन’ (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोप्या कराची योजना) असं दिसलं, तर त्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. छोट्या खाण्याच्या दुकानांत हे हमखास तपासा.

‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नाही, सरकारी फीही नाही. तो पैसा हॉटेलचाच. देणं तुमच्या मर्जीवर आहे, म्हणून पैसे देण्याआधीच काढायला सांगा. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.