डेलियाला मोठी फुलं हवीत? मग खत कधी द्यायचं ते आधी बघा

डेलियाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे झाड कमरेएवढं झालं, पानं हिरवीगार आहेत पण फुलाचं नाव नाही. अशा कुंडीत बहुतेक वेळा युरिया नाहीतर शेणखताचा मारा झालेला असतो. नत्र जास्त झालं की डेलिया पानंच काढत बसतो, दांडे कमजोर आणि लुसलुशीत होतात आणि खालचा कंदही सडायला लागतो.

आपल्याकडे पुणे-नाशिक भागात पावसाचा जोर ओसरला की म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरमध्ये लावा, डिसेंबर-जानेवारीत फुलं येतात. मूळचा हा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, तिथलं ते राष्ट्रीय फूल आहे, त्यामुळे थंड रात्री आणि दिवसा स्वच्छ ऊन असं हवामान त्याला मानवतं. किमान पाच-सहा तास ऊन पाहिजेच, नाहीतर झाड नुसतं उंच वाढतं.

कंद घेताना मानेजवळ डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, आहे ना ते बघून घ्या, कंद कितीही जाडजूड असला तरी डोळा नसेल तर तो फुटत नाही. कंदाची कटकट नको असेल तर नर्सरीतून कटिंगचं रोप आणा, तेही छान वाढतं.

कुंडी बारा इंची घ्या. निम्मी पोयटा माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि पाव भाग जाड वाळू किंवा कोकोपीट, त्यात मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) आणि मूठभर निंबोळी पेंड, बस. बोनमील हळूहळू लागू पडतं म्हणून ते सुरुवातीलाच मातीत मिसळायचं. आधाराची काठीही लावतानाच रोवून टाका, नंतर खुपसली तर कंदाला भोसकते. कंद चारेक इंच खोल आडवा ठेवा आणि कोंब वर दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं, माती नुसती ओलसर राहिली तरी पुरे.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं खरं, पण त्यामुळे बाजूने फांद्या फुटून झाड भरदार होतं.

आता खताचं. लावल्यावर तीनेक आठवडे वरून काहीच देऊ नका, मातीत आहे ते पुरतं. मग झाड वाढत असताना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. रासायनिक नको असेल तर शेंगदाण्याची पेंड चार-पाच दिवस भिजवून ते पाणी दहापट पातळ करून घाला, वास मारतो पण काम करतं. कळ्या बाजरीच्या दाण्याएवढ्या दिसायला लागल्या की नत्र बंद आणि ०:५२:३४ (नत्र नसलेलं, फक्त स्फुरद-पालाशचं खत) सुरू, तेही लिटरला एक ग्रॅमच, कारण डोस वाढवला म्हणून फूल मोठं होत नाही, उलट पानांच्या कडा जळतात. कळीला रंग दिसला की खत थांबवायचं. आणि कोरड्या मातीत खत कधीच नको, आधी साधं पाणी द्या.

ताटाएवढं फूल हवं असेल तर फांदीच्या टोकाला तीन कळ्यांचा झुबका येतो त्यातली मधली ठेवून बाजूच्या दोन नखाने काढून टाका. बागेत भरपूर फुलं हवी असतील तर राहू द्या सगळ्या.

सुकलेली फुलं मात्र लगेच कापा, झाड बी धरायला लागलं की पुढच्या कळ्या रोडावतात. पाकळ्या गळालेलं फूल आणि नवी कळी लांबून सारखीच दिसतात म्हणून हात लावून बघा, कळी गोल आणि टणक असते, संपलेलं फूल टोकदार आणि मऊ लागतं.

पानांवर पांढरी भुरी येते, मावा आणि लाल कोळी ही बारीक कीडही येते. पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला, कुंड्या दाटीवाटीने ठेवू नका आणि आठवड्याला संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, चार थेंब लिक्विड सोप घालून पानांच्या खालून फवारा.

मार्चमध्ये झाड पिवळं पडलं की पाणी कमी करत बंद करा, दांडा चार-पाच इंच ठेवून कापा आणि कंद अलगद काढून बुरशीनाशक लावून सावलीत सुकवा. नंतर कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घरातल्या गार कोपऱ्यात ठेवायचे. दांड्याला रंगाची चिठ्ठी तेव्हाच बांधा, कारण नंतर लाल कुठला नि पिवळा कुठला ते कंदावरून अजिबात कळत नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा, सुरकुतले असतील तर पाण्याचा हलका शिपका द्या आणि मऊ पडलेला कंद लगेच बाजूला काढा.