ड्वार्फ सिक्लिड ओळखताना: रंगाआधी काळ्या खुणा

ड्वार्फ सिक्लिड म्हणजे सिक्लिड कुळातले, हौसेने टाकीत पाळले जाणारे छोटे मासे. त्यांच्यातल्या अपिस्टोग्रामा या एकाच वंशात आजवर ९०हून अधिक प्रजातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. त्यांपैकी कित्येकींच्या माद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकाच पिलावळीतल्या वाटाव्यात, इतक्या सारख्या दिसतात. रंगावरून प्रजाती ठरवण्याचा मोह टाळावा, कारण लाल-नारिंगी रंग निवड पद्धतीच्या पैदाशीतून वाढवता येतो आणि तोच मासा घाबरला की फिका पडतो. काळे पट्टेही मनःस्थितीनुसार काही क्षणांत गडद वा पुसट होतात. मात्र ते अंगावर कोठे उमटू शकतात, हे प्रजातीनुसार बरेचसे ठरलेले असते.

म्हणून नवा मासा टाकीत सोडल्यावर लगेच निर्णय घेऊ नये. गडद वाळू, सौम्य प्रकाश आणि लपायला जागा असलेल्या टाकीत त्याला काही दिवस स्थिरावू द्यावे, आणि मग फ्लॅश न वापरता, काचेला समांतर असताना, शांत, चिडलेल्या आणि घाबरलेल्या अशा वेगवेगळ्या अवस्थांत त्याची छायाचित्रे घ्यावीत. एका छायाचित्रात न दिसलेला पट्टा दुसऱ्यात हमखास सापडतो.

सर्वाधिक घोटाळा होतो तो काकाटुओइडिस आणि बायटेनिआटा या अपिस्टोग्रामाच्या दोन प्रजातींत. दोघांच्याही प्रौढ नरांच्या पाठीवरील पराचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उंच वाढतात आणि शेपटीला वर-खाली दोन टोके फुटतात, त्यामुळे तुरा पाहून निकाल देता येत नाही. अशा वेळी नजर बाजूच्या मुख्य काळ्या पट्ट्याच्या खाली न्यावी. काकाटुओइडिसच्या पोटाकडच्या भागावर साधारणपणे तीन बारीक आडव्या रेषा दिसतात, अंग भरदार असते आणि ओठ ठसठशीत जाड असतात. बायटेनिआटा सडपातळ असून तिच्या मुख्य पट्ट्याखाली दुसरा एकच ठळक पट्टा धावतो, आणि तिच्या नावातही हेच ‘दोन पट्टे’ आहेत. माझ्या अनुभवात ओठांची खूण सर्वांत कमी फसवते, कारण ती मनःस्थितीनुसार बदलत नाही.

याच वंशातल्या अगासिझी प्रजातीचा प्रौढ नर त्या मानाने सोपा आहे. त्याची शेपटी भाल्याच्या पात्यासारखी मधोमध एका टोकाला निमुळती होते आणि अंगावरचा काळा पट्टा थेट शेपटीत शिरतो. बोरेल्ली या आणखी एका प्रजातीच्या नराचा पाठीवरील पर उंच असला तरी त्याचे पुढचे काटे सुटे वाढलेले नसतात आणि शेपटी गोल असते. अर्थात हे सारे प्रौढ नरांपुरतेच खरे आहे. कोवळ्या नरांची शेपटी गोलसरच असते, त्यामुळे लहान मासा घेताना शेपटीवर भिस्त ठेवू नये.

‘रॅम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वेगळ्या वंशातल्या ड्वार्फ सिक्लिडांमधला फरक लवकर कळतो. रामिरेझी हा दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला लहानखुरा मासा निळ्या चमकदार ठिपक्यांनी भरलेला असतो, तर बोलिव्हिया आणि ब्राझीलमधला अल्टिस्पिनोसस अंगाने मोठा असून त्याच्यावर ती निळी चमक नसते.

माद्यांच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे. पिलांची राखण करणारी अपिस्टोग्रामा मादी पिवळीधमक होते. बऱ्याचदा तिचा सलग पट्टा तुटून बाजूवर एकच काळा डाग उरतो, आणि ज्या रेषांवरून ओळख पटली असती त्याच नेमक्या नाहीशा होतात. अशी मादी पिलांपासून मोकळी होऊन पुन्हा मूळ रूपात येईपर्यंत थांबावे. तरीही खात्री पटली नाही, तर विक्रेत्याने दिलेले नाव, मूळ ठिकाण आणि खरेदीची तारीख टाकीवर लिहून ठेवावी, नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे आणि तिला अनोळखी नरासोबत पैदाशीला लावू नये, कारण त्या संकरित पिलांची खरी ओळख पुढे कोणालाच पटवता येणार नाही.