कडक ऊन सुरू झालंय, कोंबड्यांच्या खाद्याची वेळ बदला

कोंबडी कापल्यावर बाहेर काढलेलं आतडं थोडा वेळ वळवळत राहतं, हे बघितलंच असेल तुम्ही. मेंदूशी कनेक्शन तुटलं तरी ते हलतं, कारण स्नायू तर आहेतच पण आतड्याच्या भिंतीत स्नायूंच्या दोन थरांमध्ये नर्व्ह सेल्सचं स्वतःचं जाळं असतं, आणि पक्ष्यांमध्ये त्याशिवाय आतड्याला लागून जाणारी रेमॅकची नस असते जी गाई-म्हशीत नसतेच.

हे जाळं पेटा (दाणा दळणारं जाड पोट) मिनिटाला दोन-तीन वेळा आवळतं, दाणा आतड्यात ढकलतं आणि नीट दळला नसेल तर परत पेट्यात आणतं. उन्हाळ्यात सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे खालच्या टोकाला आतडं उलटंही चालतं, लघवीचं पाणी मागे सिकमपर्यंत (आतड्याला फुटलेल्या दोन बंद पिशव्या) जातं आणि तिथे पाणी अन मीठ परत शोषलं जातं. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकून ती पाणी घालवत असते, म्हणून ही बचत तिला फार लागते.

आता दुपारी पारा ४० च्या वर गेला की अंगातलं रक्त तुरा आणि कातडीकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, त्यात पोट भरलेलं असेल तर पचनाची उष्णता वेगळीच. दुपारी मेलेली कोंबडी उघडून बघा, गळ्याची पिशवी भरलेली निघाली तर खाद्याची वेळ चुकतीये हे नक्की समजा.

म्हणून खाद्य पहाटे पाचला द्या, दहाच्या आत भांडी वर उचला आणि ऊन उतरलं की परत खाली करा. पण दिवसभर उपाशी ठेवू नका, नाहीतर संध्याकाळी हावरटासारखं खातात आणि एकमेकींवर चढतात. लेयरला, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांना, रात्री उशिरापर्यंत खाऊ द्या. पाणी मात्र एक मिनिटही बंद नको, टाकी आणि पाइप सावलीत घ्या, ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी द्या. खाद्य एकदम पीठ करू नका, थोडा भरड मका असला की पेटा जोरात चालतो.

विष्ठा पातळ झाली म्हणून लगेच अँटिबायोटिक सुरू करू नका हो, उन्हाळ्यात पाणी जास्त पितात म्हणून तशी होते, आणि मधूनमधून पडणारी चॉकलेटी चिकट विष्ठा सिकमची असते, ती नॉर्मल आहे. रक्त दिसलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, पहाटे खाद्य टाकायच्या आधी दोन-चार कोंबड्यांची गळ्याची पिशवी हाताने चाचपायची सवय लावा. रात्रीतून ती रिकामी व्हायला हवी. कणकेसारखी गच्च लागली किंवा पाण्याने फुगलेली लागली, वर एक पाय पुढे एक मागे असं लुळं पडलेलं दिसलं तर मॅरेक्स या व्हायरसच्या रोगाची शंका घ्या, त्यात नसाच सुजतात. त्याला औषध नाही, लस पहिल्याच दिवशी हॅचरीत द्यावी लागते, तेव्हा पुढची बॅच बुक करताना ती दिली का हे विचारून घ्या.